कडी वाजली नाही

सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड मिलचा भोंगा झाला की जयश्रीताई उठायची. दाराची कडी काढायची, लावायची, परत काढायची. मनासारखी लागेपर्यंत खट्, खट्, खट्! कडी नीट लागली नाही तर मिलच्या डाइंग खात्यात कापड रंगवणारे वडील, आप्पा, उकळत्या रंगात पडतील, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. "वेडेपणा आहे, कळतं गं मला," असं ती धाकट्या बहिणीला, योगिताला सांगायची, आणि सांगता सांगताच उठायची. प्लेगच्या साली अख्खी सुरत पळत सुटली, तेव्हा ताई गाडी सोडून स्टेशनवरून परत आली होती. कडी बघायला!

आणि श्रावणात एक दिवस भोंगा झाला, पण कडी वाजलीच नाही.

भाकरी थापता थापता आईचा, धुरपदाबाईचा, हात थांबला. "माय वं! कानबाई पावनी! मन्ही पोर बरी व्हयनी!" नवसच बोलली होती ती. रविवारी घरात खानदेशची देवी कानबाई बसली, नैवेद्याच्या गोड रोटांचा खमंग वास सुटला. शेजारच्या कलाबाई दारातूनच म्हणाल्या, "आता जावई शोधा! मला तर बाई कडीशिवाय करमेना!" सगळे हसले. आप्पासुद्धा.

योगिता नाही हसली. ती त्या गप्प कडीकडेच बघत राहिली.

सोमवारी कानबाईला तापीत बोळवून सगळे घरी आले. ताई नदीवर गेलीच नव्हती. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी रोटाचा तुकडा तसाच, मुंग्या लागलेला.

दुपारचा भोंगा झाला. ताई हलली नाही. फक्त तिचं बोट भिंतीवर सरकू लागलं. वर, खाली. वर, खाली. तिथे नसलेली कडी लावत. भिंतीत खळगा पडला होता आणि अंथरुणावर चुन्याची भुकटी.

"ताई?"

"भीती गेली नाही गं, योगू." आवाज विहिरीतून यावा तसा. "तेवढीच आहे. पण उठायला आत कुणी उरलंच नाही."

आप्पा पाळीला निघाले होते. योगिता दारात आडवी उभी राहिली.

"आप्पा, ताई बरी नाही झाली. जास्त आजारी झालीय. आज खाडा करा, तिला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

"कालदिन कानबाई बसनी व्हती, आनि तू हाई बोलस?" आई कडाडली.

"मग कानबाईनेच मला दाखवलं समज!"

आप्पा भिंतीपाशी वाकले. रंगाने निळं पडलेलं आपलं बोट त्यांनी त्या खळग्यात घातलं. आत बसलं ते. आप्पांच्या तोंडचा रंग उडाला.

"रिक्षा आण," ते म्हणाले.

रिक्षात योगिताने ताईचा हात घट्ट धरला. पांडेसरा मागे पडला, भोंगा कधीच विरला, तरी तिच्या तळव्यात ते बोट सरकतच होतं. वर, खाली. वर, खाली.

तिने हात सोडला नाही.