शेंदराचा रिव्हेट

जहाजाचं नाव 'एव्हरझ्वाइन', म्हणजे रानडुक्कर. पण हॉलंडमधल्या डेन हेल्डरच्या गोदीत सगळे तिला डुकरीणच म्हणत. नाकाशी शत्रूच्या पोटात खुपसायचा लोखंडी सुळा, पाठीवर गोल बुरूज, बुरुजात दोन तोफा. सव्वीस वर्षांत त्या सुळ्यानं एकच गलबत फोडलं; तेही आपलंच, कोळशाचं, धुक्यात. तोफा वाजल्या त्या राजघराण्यातल्या वाढदिवसांना. आता म्हातारपणी तिच्यात नव्या भरतीचे खलाशी झोपायला ठेवणार होते, म्हणून तळाची तपासणी निघाली होती.

टूनिस ब्लाउ तिला जन्मापासून ओळखत होता. अ‍ॅमस्टरडॅमला तिच्या फासळ्या उभ्या राहिल्या तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, रिव्हेट ठोकणाऱ्यांच्या टोळीत. जहाज पाण्यात सोडायचा दिवस ठरलेला, आणि दुहेरी तळातल्या आठव्या पोकळ खणात, वरच्या बाजूच्या दोन पत्र्यांची भोकं काही केल्या एकमेकांवर बसेनात. टूनिसनं तिथं रिव्हेट ठोकलाच नाही. शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा गोळा भरला, दोन्हीकडून रिव्हेटच्या डोक्यासारखं बोंड वळलं आणि वर काजळी फासली. असे मुके रिव्हेट तेव्हा बरेच जण करत आणि विसरून जात. टूनिसला विसरता आलं नाही. वादळ सुटलं आणि डुकरीण समुद्रात असली की तो रात्रभर धक्क्यावर उभा राही.

आज दुपारनंतर एकेका खणात जोरानं पाणी भरून गळती बघणार होते. तळाच्या टोळीचा म्होरक्या होता टूनिस. एखादा रिव्हेट सैल निघाला की पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा. म्हणून गंज खरवडून सगळे बाहेर पडले तरी तो आठव्या खणात मागे राहिला. खिशात ताज्या शेंदराचा गोळा होता.

खणात शिरायचं भोक बॉयलरखोलीच्या जमिनीत. आत उकिडवं बसलं तरी मान मोडायची. गोदीचा नियम असा की शिरणाऱ्यानं आपले लाकडी जोडे भोकाशी काढून ठेवायचे. जोडे आहेत तोवर झाकणाला हात लावायचा नाही. टूनिसचेही जोडे तिथंच होते. पण कमांडर फेरीला येणार म्हणून एका नौसैनिकानं झाडलोट काढली आणि ते जोडे उचलून धक्क्यावर नीट मांडून ठेवले. त्याला गोदीचे नियम कुठून ठाऊक असणार?

टूनिस टोकाला उताणा पडून मेणबत्तीच्या उजेडात बोंड चाचपत होता. वर वीस हातोडे चालू. मागचा उजेड कधी गेला ते त्याला कळलंच नाही. गुडघ्यांवर रांगत तो परत आला तर भोकाच्या जागी थंड पत्रा.

त्यानं हातोडीनं ठोकलं. पण वीस हातोड्यांत एकविसावा कोण ऐकणार? मग जेवणाची घंटा झाली आणि सगळे धक्क्यावर गेले. आता कुणी ऐकेल म्हणून तो रिकाम्या जहाजात झाकण बडवत राहिला. हवा गढूळ लागायला लागली. मेणबत्तीची ज्योत पिवळी पडून खुजी झाली, तशी हवा वाचवायला त्यानं ती फुंकून विझवली. अंधारात त्याला सारखं जाणवत होतं की बाहेरचा वारा इथून आत यायला एकच जागा आहे. पण ती फोडली तर सव्वीस वर्षं झाकलेलं उघडं पडणार. हात झाकणच बडवत राहिला.

पुन्हा घंटा झाली. हातोडे सुरू झाले. आणि कुठेतरी चाक फिरल्याचा आवाज येऊन त्याच्या मोज्यांना गार पाणी लागलं.

तेव्हा मात्र तो विचार करत बसला नाही. टोकाशी रांगत गेला, बोंड हातानं शोधलं, खरवडणीचं टोक लावून चार घाव घातले. शेंदूर दगड झाला होता. पाणी कमरेशी आलं. पाचव्या घावाला गोळा फुटला आणि कोंडलेली हवा शीळ घालत वर सुटली.

वर नळाशी त्याचा मेव्हणा हार्मेन उभा होता.

"ही डुकरीण शिट्टी वाजवायला कधी शिकली?" तो कुणाला तरी म्हणाला.

"हार्मेन! नळ बंद कर, गाढवा."

वर कुणीतरी धपकन गुडघे टेकले. मग अगदी जवळून, "दाजी? तुम्ही आहात कुठं?"

"तुझ्या पायाखाली. बंद कर आधी."

चाक उलटं फिरलं. झाकणाचे नट निघेपर्यंत हार्मेन रिव्हेटच्या भोकाला तोंड लावून बोलतच होता. "जोडे नव्हते हो दाजी. आईशप्पथ नव्हते. ताईला काय तोंड दाखवणार होतो मी?"

"दाखव ना तेच. तिला सवय आहे."

टूनिस बाहेर येऊन जमिनीवर बसला, दात वाजत होते. गोदीचा मुकादम ओटेमा वाकून ते रिव्हेटचं भोक बघत होता. बोटाला शेंदूर लागला तो त्यानं हुंगला.

"गंजून गेलं असेल," हार्मेन घाईनं म्हणाला. "जुनी बोट आहे."

"गंजलं नाही," टूनिस म्हणाला. "माझं आहे. सन अठराशे सदुसष्टचं." आणि खिशातला ताजा गोळा काढून त्यानं मुकादमाच्या हातावर ठेवला.

ओटेमानं गोळ्याकडे बघितलं, मग टूनिसकडे. "आणि पोरांना शिव्या घालतोस तू."

टूनिसनं खरवडणी जमिनीवर ठेवली.

"उद्यापासून टोळी हार्मेनकडे. आणि हे भोक रुंद करून आज खरा रिव्हेट बसला पाहिजे." मुकादमानं सगळ्यांवर नजर फिरवली. "वरून हार्मेन ठोकेल. आत शिरून खालून दाब कोण धरणार?"

ज्याला त्याला आपापला हातोडा पुसायचं सुचलं.

खण उपसून झाला. टूनिसनं धक्क्यावरून आपले जोडे आणवले, सुतळीत ओवले आणि हार्मेनच्या गळ्यात अडकवले.

"दाजी, मी काय बैल आहे का?"

"मी वर येईपर्यंत काढायचे नाहीत," टूनिस म्हणाला. "कमांडर आला तरी."

आणि ओल्या मोज्यांनी तो भोकात उतरला.