सोळा कडी

उदयसिंग सरांचं व्याख्यान ठेवू या, हे रत्नमालानंच सुचवलं, आणि वाशीमच्या त्या कॉलेजात कोणाला त्यात काळंबेरं दिसलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारी पोरगी, पण जुन्या सरांना विसरली नाही, केवढी गुणाची! गुणाची कसली, तीन वर्षं डूख धरून बसली होती ती.

सरांच्या हाताखाली शिकत असताना मालवणला समुद्रगवतात तिनं एक मासा धरला होता. काडीसारखा बारीक, पाइपफिश म्हणतात त्याला. याच्या धडावर कडी असतात, ती मोजून जात ओळखायची. रत्नमाला पडली वाशीमकडच्या इंझोरी गावची. तिला ती कडी म्हणजे ज्वारीच्या धांड्याची पेरंच वाटली. धांडा चघळताना बुडाचं पेर कोणी धरत नाही, म्हणून तिनं बुडाचं समजून डोक्याजवळचं पहिलं कडं सोडलं. सोळा भरली. आठवड्यानं चूक उमगली. सतरा होती, म्हणजे जातच वेगळी! पण तोवर कच्ची वही सरांनी मागून नेली होती. वही परत आलीच नाही. आला तो छापील लेख, एकट्या सरांच्या नावानं, सोळा कड्यांचा. मेल्यानं निदान मोजायचे तरी कष्ट घ्यावेत की नाही? मागितला असता तर मासा तिच्यापाशीच होता.

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या. रत्नमालानं तोच मासा भिंगाखाली ठेवला. पडद्यावर हा एवढा दिसू लागला.

"सर, पोरायले मोजून दाखवा ना."

सर सुईनं मोजू लागले. पोरंही मोठ्यानं मोजत होती. सोळावर सुई अडली. पोरं थोडीच थांबतात? "सतरा!"

"लेखात तं सोळा हायेत, सर," रत्नमाला म्हणाली. "मी इंझोरीची, बुडाचं पेर सोडून मोजलं. तुमी काहून सोडलं?"

सरांनी सुई खाली ठेवली. रत्नमालाच्या जिवाला कसं गार वाटलं!

चहाच्या वेळी सरांनी तिला बाजूला घेतलं. "झालं ते झालं, रत्नमाला. लेखावर तुझं नाव पहिलं टाकायला सांगतो. मग तर झालं?"

याच वाक्यासाठी ती तीन वर्षं तळमळली होती.

"नोको, सर. चुकीच्या लेखावर माहं नाव कायले? सतरा कड्यांचा लेख म्या कालच पाठवला. त्यात तुमचं नाव हाय. कोनाची चूक दुरुस्त केली, थे लिहाच लागते."