तीन इंचांची बातमी

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या त्या दुकानात शिलाई मशिनं तीन होती आणि रेडिओ एकच. रेडिओ म्हणजे खिडकीजवळच्या मशिनवर बसणारी बाई. वय चाळिशीच्या आसपास, हात चपळ, टीप सरळ, पण तोंडाला म्हणून विश्रांती नाही. कोणत्या मालिकेतल्या सासूला लेखकानं आता तरी सुखानं मरू द्यावं, कोणत्या गायकाची नवी चाल म्हणजे जुनीच चाल रंग देऊन उभी केलेली, कोणत्या नटाचं लग्न कुणामुळे मोडलं, या सगळ्यावर तिची मतं ठाम. नट तिला विचारायला आला नव्हता, एवढीच काय ती उणीव.

आपण तरी वेगळं काय करतो म्हणा!

पण या सगळ्या गोतावळ्यात तिचा खरा जीव एकीवर. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक असलेली एक गायिका. तिच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ऐंशी हजार माणसं होती आणि रेडिओ त्यातली जुनीजाणती.

एके दिवशी सकाळी त्या गायिकेची मदतनीस पाच पोशाख घेऊन दुकानात आली. कंबर तीन इंच वाढवायची, बाह्या मनगटापर्यंत लांब करायच्या. दुपारी ताई स्वतः घालून बघायला येतील, असं सांगून ती गेली. रेडिओनं कात्री खाली ठेवली.

"मास्तर! तीन इंच! गोड बातमी आहे, दुसरं काय!"

मास्तर म्हणजे दुकानाचे मालक. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला माणूस. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शिवणीत आत तेवढं कापड आहे का, ते बघ आधी."

"अहो, आनंदाचीच गोष्ट आहे. चार लोकांना सांगितली तर बिघडलं कुठं?"

"आनंद कोणाचा? तिचा का तुझा?" मास्तर म्हणाले. "अगं, माणूस आपल्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहतो. विश्वासानं उभा राहतो. मी कुणाचं माप मोठ्यानं उच्चारत नाही. वहीत लिहितो आणि वही मिटतो."

"पण ही काय साधं गिऱ्हाईक आहे? सगळं जग ओळखतं तिला!"

"जग तिचा आवाज ओळखतं. कंबर नाही."

रेडिओला हे काही पटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एका हातानं डबा सांभाळत तिनं ग्रुपवर लिहिलं, 'पक्की बातमी! आपल्या ताईंकडे पाळणा हलणार! कपडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत!' आणि पाठवून मोकळी झाली. पण त्या ग्रुपवर प्रत्येक मजकूर आधी ॲडमिन तपासायची, मगच तो सगळ्यांना दिसायचा. 'मंजुरीसाठी थांबला आहे' अशी ओळ आली. रेडिओ चरफडली आणि फोन पर्समध्ये टाकून कामाला लागली.

तीनच्या सुमारास गायिका आली. साधे कपडे, तोंडाला रुमाल, बरोबर कुणी नाही. पोशाख घालून आरशासमोर उभी राहून तिनं रुमाल काढला, तेव्हा रेडिओ बघतच राहिली. चेहरा सुजलेला होता. उघड्या हातांवर सुया टोचल्याचे काळेनिळे डाग होते.

रेडिओ खाली बसून कमरेला टाचण्या लावू लागली. मास्तर शांतपणे पट्टी धरून उभे होते.

"काका, तुम्ही काही विचारत नाही, म्हणून सांगावंसं वाटतंय," गायिका म्हणाली. "मूत्रपिंडाचा आजार निघालाय. ही सूज औषधांची. बरी होईन म्हणतात, पण वेळ लागेल."

"होशील, पोरी," मास्तर म्हणाले.

"आईला अजून कळू दिलं नाही. परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते झालं की मीच तिच्याजवळ बसून सांगणार. मागच्या वर्षी कुणीतरी उठवून दिलं होतं, मला बाळ होणार म्हणून. आईला शेजारणीकडून कळलं. मी घरी पोचले तर दोन टोपरी विणून तयार! तिला खरं सांगताना जे झालं, ते पुन्हा नको."

रेडिओच्या बोटात टाचणी घुसली. तिला ती जाणवलीसुद्धा नाही. "दोरा आणते," असं काहीतरी पुटपुटत ती पडद्यामागे पळाली. अरे देवा! आपण हे काय करून बसलो! तिनं पर्समधून फोन काढून उघडला.

'मंजुरीसाठी थांबला आहे.'

कुणीही पाहिलं नव्हतं! तिनं मजकूर काढून टाकला. मग खरंच गेला का, ते तीनदा तपासलं. मग भिंतीला टेकून उभी राहिली आणि तोंडावर पदर दाबून रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा गायिकेनं सहज विचारलं, "तुम्ही बघता का आमचा कार्यक्रम?"

मास्तरांनी डोळे मिटले. आता काय ऐकावं लागणार, या भीतीनं.

"बघते," रेडिओ म्हणाली. "आणि एक सांगू? परवा त्या शेवटच्या मुलीवर तुम्ही अन्याय केलात. सूर जरा हलला, पण गायली जीव ओतून. दोन गुण कमीच दिलेत!"

गायिका खळखळून हसली. "मलाही घरी गेल्यावर तसंच वाटलं हो!"

ती गेल्यावर रेडिओनं मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर रागावले नाहीत.

"वाचलीस," ते म्हणाले. "ती वाचली, तिची आई वाचली आणि तूही वाचलीस. पण ॲडमिनला वेळ नव्हता म्हणून वाचलीस, हे विसरू नकोस."

दीड महिन्यानं गायिकेनं स्पर्धेच्या मंचावरून आपल्या आजाराबद्दल स्वतःच सांगितलं. तिची आई पहिल्या रांगेत बसून सगळ्यात आधी टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी रेडिओची शेजारीण तिच्या दारात हजर! "तुमच्याच दुकानात येतात ना गं तिचे कपडे? तुला तर आधीच कळलं असेल!"

"मला तिचं गाणं कळतं," रेडिओ म्हणाली. "त्यावर बोलायचं असेल तर ये, बस. चहा टाकते."

मित्रहो, गाण्यावर मत द्या, मालिकेला नावं ठेवा, परीक्षकांशी खुशाल भांडा. तो आपला हक्कच आहे. पण कुणाचं पोट, कुणाचं आजारपण, कुणाचा संसार ही आपली करमणूक नव्हे. ती बातमी सांगायची की नाही, कुणाला आणि केव्हा, हे ज्याचं त्यालाच ठरवू द्या. बोट फोनवर टेकण्याआधी एवढंच विचारा, की हे त्या माणसाच्या आईनं माझ्याकडून ऐकलं तर चालेल का?