दहा सोललेल्या सुपाऱ्या

चौलच्या एका वाडीत सात शिकलीसवरली माणसं एकत्र राहत. नोकऱ्या सोडून, शहराला रामराम ठोकून ती इथे आली होती. फाटकावर पाटी होती: इथे कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. ती पाटी दर दिवाळीला मनुबाई पुसायची. गेली सोळा वर्षं त्यांचा स्वयंपाकही तीच करायची.

गेल्या वर्षी तिच्या दिराने राहत्या घराची जागा बंगलेवाल्याला विकली. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. साठी उलटलेल्या बाईने जायचं कुठे? तेव्हा सगळ्यांत ज्येष्ठ असलेले शिवदासदादा म्हणाले, "मनुबाई, तुम्हीही सदस्य व्हा की. तुम्ही तर आमच्याच." तिने ते खरं मानलं, इथेच तिचं चुकलं.

सदस्य व्हायचं तर आधी वर्षभर सोबत राहायचं, मग सगळ्यांचा कौल घ्यायचा. मनुबाईला विहिरीजवळची खोली मिळाली. पगार बंद झाला, कारण सदस्यांना पगार नसतो. स्वयंपाकाच्या पाळ्या आठ जणांत वाटल्या गेल्या आणि तिथेच माशी शिंकली. मनुबाईच्या पाळीला वालाचं बिरडं, बाकी सात दिवस कच्चं नाहीतर करपलेलं. शिवाय ती आता सभेत सगळ्यांच्या बरोबरीने चटईवर बसायची आणि बोलायचीही. भाताचं बी कुठे पेरायचं यावर तिसऱ्यांदा चर्चा रंगली तेव्हा ती म्हणाली, "बोलतच बसलाव तर रोपं कवा हुतील?" सगळे हसले, पण जरा उशिराने.

कौलाच्या आधी तिला रीतसर विचारलं गेलं, सामूहिक जीवनाबद्दल तुमची भूमिका काय?

"मला राहायला खोली पायजे," ती म्हणाली. "आन् तुमच्याबिगर मला हाय कोन?"

दोघातिघांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

कौलाची रीत मोठी नाजूक होती. आतल्या खोलीत फडक्याने झाकलेल्या दोन टोपल्या ठेवायच्या, एकीत सोललेल्या सुपाऱ्या, दुसरीत सालासकट. एकेकाने आत जायचं, एक सुपारी उचलून अरुंद तोंडाच्या मडक्यात टाकायची. सोललेली म्हणजे हो, सालाची म्हणजे नाही. एक जरी 'नाही' निघाली तरी माणूस नापसंत. मग शिवदासदादा निकाल सांगणार आणि मडकं कुणाला न दाखवता अंगणातल्या जाळात रिकामं करणार. 'नाही' किती होत्या हे कुणाला कळू नये, मनं दुखावू नयेत. एवढा सगळा विचार केला होता. सुपाऱ्या सोलायच्या कुणी आणि टोपल्या आवरायच्या कुणी, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. ते काम मनुबाईचंच होतं, यंदाही तिनेच केलं. दहा चांगल्या सुपाऱ्या निवडल्या, सोलल्या, पदराने पुसल्या. सात पुरल्या असत्या, पण एखादी कुणाच्या हातून निसटली तर अडायला नको.

शिवदासदादांनी मडक्यात डोकावून पाहिलं, चष्मा काढून पुसला.

"एक 'नाही' निघाली," ते म्हणाले. "एकच. पण नियम तो नियम."

मडकं जाळात रिकामं झालं. मग एकेक जण ओटीवर मनुबाईपाशी येऊन गेला. माझी सोललेली होती हो, असं प्रत्येकाने हळूच सांगितलं. नूतनताईंनी तर तिचा हात हातात घेतला. त्या तिला सगळ्यांत जवळच्या. मनुबाईला भरून आलं. खोली गेली होती, पण सातातली सहा माणसं आपली निघाली, हे काही थोडं नव्हतं. तो एक कोण, हे शोधायचं नाही असंही तिने ठरवून टाकलं.

मग ती टोपल्या आवरायला आत गेली आणि फडकं उचललं. सोललेल्या सुपाऱ्या तिने एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. दहाच्या दहा होत्या.

तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि ती त्यांची वाटली.

नूतनताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मावशी, सोमवारपासून तुमचा पगार पुन्हा सुरू. पहिल्यापेक्षा वाढवून देणार आहोत. आणि खोलीची घाई नाही, त्याआधी शनिवारपर्यंत मोकळी केलीत तरी चालेल."

मनुबाईने टोपली पुढे केली. "ह्या उरल्या, ताई. धा हायत. मी सोलल्या पन धाच हुत्या."

नूतनताईंनी टोपली हातात घेऊन आत पाहिलं. मग टोपली तिच्या हातात परत देत म्हणाल्या, "मावशी, हे बाहेर कुणाला सांगू नका."

"न्हाय सांगत," मनुबाई म्हणाली.

सोमवारी तिला इथेच चुलीपाशी यायचं होतं. कुठून यायचं, तेवढं ठाऊक नव्हतं.