गहू, ज्येष्ठमध आणि दहा बोरं

नदीकाठच्या त्या गावात लुओ वैद्यांचा दवाखाना होता. काढ्यांची मापं आणि पुड्या त्यांची बायको छाईयुन बघायची. दीडेकशे खणांच्या कपाटातलं कुठलंही औषध ती डोळे मिटून काढून द्यायची.

लग्नानंतर दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. घरटी एकाच अपत्याला सरकारची परवानगी असण्याचे ते दिवस होते. मुलीची नोंद झाली असती तर मुलाची आशा संपली असती. म्हणून चौदाव्या दिवशी सासूने बाळ दुलईत गुंडाळलं आणि नदीपलीकडच्या टोफूवाल्या शेन दांपत्याला देऊन टाकलं. त्यांना मूल नव्हतं. लुओ वैद्य त्या दिवशी मुद्दाम लांबच्या रुग्णाकडे गेले होते. पुढे मुलगा झाला नाही, आणि मुलगीही नाही.

बाळ दिल्यापासून छाईयुनला रडू यायला लागलं. कणीक मळताना, मुळ्या निवडताना, शेजारीण बोलत असताना मध्येच. वैद्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि जुन्या वैद्यांचा काढा लिहून दिला. त्यात मूठभर गहू, ज्येष्ठमध आणि दहा लाल बोरं, एवढंच. मन सैरभैर झालेल्या बाईसाठी शतकानुशतकं हाच काढा देत आले आहेत. चवीला गोड. आपली पुडी तिने आपणच बांधली आणि बांधताना वैद्यांच्या वहीतली नोंद वाचली: ‘वय सव्वीस. कारण नसताना रडते. वारंवार जांभया देते.’

तिने काढा चौदा दिवस घेतला. मग घरात रडणं सोडलं आणि धुणं घेऊन नदीवर गेली की तिथे रडून यायला लागली. वैद्यांनी वहीत लिहिलं, ‘पूर्ण बरी.’

त्या नोंदीने त्यांचं नाव झालं. जिल्ह्यातल्या वैद्यांच्या सभेत त्यांनी ती वाचून दाखवली. लांबलांबच्या गावांतून लोक रडणाऱ्या बायकांना त्यांच्याकडे आणू लागले. दर वेळी वैद्य छाईयुनला कपाटामागून पुढे बोलवायचे. ‘ही बघा, हीसुद्धा अशीच होती,’ असं सांगायचे. छाईयुन हसून मान डोलवायची आणि पुन्हा मापं करायला वळायची. अशी सतरा वर्षं गेली.

त्या वर्षी थंडीत एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून विशीची होती, चेहरा सुजलेला. सासू सांगत होती की हिला घरात काही म्हणजे काही कमी नाही, उगाच रडते. वैद्यांनी नाडी पाहिली आणि नेहमीसारखी छाईयुनला हाक मारली. ती पुढे आली. या वेळी हसली नाही. ती सुनेला म्हणाली,

“औषध चांगलंय, बाळ. पण मला कारण होतं. तुला आहे का?”

सुनेने खाली बघितलं. सासू तिच्याआधीच बोलायला लागली. वैद्यांनी घाईघाईने तोच काढा लिहिला, छाईयुनने तो बांधून दिला आणि दोघी गेल्या.

दार लागल्यावर वैद्य म्हणाले, “रुग्णासमोर माझी शोभा केलीस.”

“तुम्हाला माहीत होतं ना, मी कशासाठी रडत होते?”

“माहीत होतं.”

“मग कारण नाही, असं कसं लिहिलंत?”

वैद्यांनी हात शेगडीवर धरले. “कारणावर माझ्याकडे औषध नव्हतं,” ते म्हणाले. “रडण्यावर होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छाईयुन नावेने पलीकडे गेली. टोफूवाल्याचं घर विचारावं लागलं नाही, सतरा वर्षं तिला ते ठाऊक होतं. दारात एक उंच मुलगी फळीवरचा टोफू कापत होती. हात गारठून लाल झाले होते. तिने विचारलं, “किती देऊ, काकू?” छाईयुनने दोन बोटं दाखवली. मुलीने दोन वड्या दिल्या, वर एक छोटी तिसरी ठेवली आणि म्हणाली की लांबून आलेल्या दिसताय, आत येऊन गरम पाणी तरी घ्या.

तेवढ्यात आतून शेनची बायको आली. तिने छाईयुनला लगेच ओळखलं. मुलीला तिने मागच्या अंगणात पाठवलं आणि ओले हात पुसत दारातच उभी राहिली.

“ताई, तिला काही माहीत नाहीये,” ती हळू आवाजात म्हणाली. “पुढच्या महिन्यात तिची सोयरीक ठरतेय. तुमच्या पाया पडते, परत येऊ नका.”

छाईयुन बरं म्हणाली आणि नावेकडे चालायला लागली.

संध्याकाळी तिने तो टोफू आलं आणि कांद्याची पात घालून शिजवला. वैद्यांनी दोन घास खाल्ले आणि टोफू फार छान आहे, कुठून आणलास, असं विचारलं. तिने सांगितलं.

त्यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या जराशा थांबल्या.

“कशी दिसते?”

“तुमच्यासारखी.”

वैद्यांनी मान हलवली, वाडगा जवळ ओढला आणि उरलेला सगळा टोफू खाऊन टाकला.