आधी काय घेतलंत?

सासऱ्याच्या वयाच्या पुरुषाला सुनेने भर अंगणात विचारावं, "काका, परसाकडला काळं होतं का?" हे कुठल्या रीतीत बसतं? आमच्या गव्हाणात सुना मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाहीत. आणि ही माझी सून शकू, जगनची बायको. लग्नाला वर्ष झालं नाही, तोवर चार माणसांसमोर गावातल्या देवजीच्या पोटातलं विचारून मोकळी झाली. वर माझं मनगट धरलं. माझं!

हे मनगट ऐरंगैरं नाही. माझ्या हाताला गुण आहे हे जासईपर्यंत लोक मानतात. स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली तरी गावात डॉक्टर नाही. जगन पनवेलच्या बाजारातून डोक्याच्या, तापाच्या गोळ्या आणतो, त्या मी डब्यात ठेवते आणि ज्याला लागेल त्याला माझ्या हाताने देते. तीच गोळी दुकानातून घेतली तर लागू पडत नाही, चंद्राबायच्या हातून घेतली तर पडते, असं लोकच म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त नाकारत नाही.

आणि एक पाळायचं असतं. एकाच्या हातचं औषध घेताना दुसऱ्याच्या हातचं नाव काढायचं नाही. काढलं की गुण उतरतो. म्हणून मी कधी विचारलं नाही, कुणी कधी सांगितलं नाही.

मिठाचा हंगाम ऐन भरात होता. देवजी मिठागरावर काम करतो. उजाडायच्या आधी खाऱ्या पाण्यात उतरायचं, ऊन चढेपर्यंत मीठ ओढायचं, मग त्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहायच्या. पोटात भाकरी जाते ती दुपारी. त्या दिवशी तो दुपारच्याही आधी परत आला. बायको हौसा त्याला धरून माझ्या अंगणात घेऊन आली. तोंड पांढरं फटक, कपाळावर घाम.

"चंद्राबाय, डोकं गरगरतं गो. अंग तर कुटल्यासारखं झालंय. एक गोळी दे."

मी डबा उघडला, गोळी काढली. तो हात पुढे करणार तोच शकूने माझं मनगट धरलं.

"आई, थांबा. काका, आधी काय घेतलंत?"

पायरीवर बसलेली शेजारची कमळाबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागली. मी म्हटलं, "शकू, हात सोड. पनवेलचं शहाणपण पनवेलला ठेवायचं."

सोडला नाही. ती पनवेलला मामाकडे वाढलेली. मामा एका दवाखान्यात कंपाउंडर. लहानपणापासून औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत मोठी झालेली पोर.

"काका, गुण गेला तर जाऊ दे. तुम्ही राहायला हवे. सांगा."

देवजी माझ्याकडे बघायला लागला. शेवटी हौसाच कडाडली, "सांग ना रे! काल मुकादमानं दोन दिल्या, रातीला ताडीबरोबर घेतल्यान. आज पहाटं परत दोन, दुकानातून आणलेल्या. पोटात काय नाय, नुसता काळा चहा. चार दिवस हाच खेळ चाललाय."

"कागद आहेत?"

हौसाने कनवटीला खोचलेले दोन कागद काढले. एक लाल, एक निळा. शकूने ते डोळ्यांजवळ नेले. मग माझ्या डब्यातला पिवळा कागद घेतला आणि तिन्ही शेजारी धरले.

"नावं तीन आहेत. आतलं औषध एकच," ती म्हणाली. "ही गोळी भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. उपाशी पोटी, वर दारूताडी, आणि तीही एकावर एक, तर आतडं सोलून काढते." आणि मग तिने ते विचारलं. परसाकडचं.

देवजीने मान खाली घातली. "डांबरासारखं," तो म्हणाला. "दोन दिस झालं."

शकूचं तोंड उतरलं. "आई, आत रक्त जातंय. पनवेलला न्यायला हवं. आत्ताच."

जगन बैलगाडी जोडायला धावला, तर ही ओरडली, "गाडी नको! धक्के बसतील. भरती कधी लागते?"

भरती लागतच होती. महादेव कोळ्याची होडी खाडीत होती. देवजीला खाटेवरून नेऊन होडीत आडवा केला, पाय मिठाच्या पोत्यावर उंच ठेवले. हौसा त्याला चहा पाजायला गेली, तो शकूने देऊ दिला नाही; पोटात आता काहीच जायला नको म्हणाली. तो पाणी मागायचा, ही ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसायची. मी डोक्याशी बसले होते. देवजी माझा सख्खा कोणी नाही, पण जगन तापाने फणफणला होता तेव्हा चिखलातून पाठुंगळीला मारून त्याला नेणारा हाच. त्याचे ओठ पांढरे होत चालले होते. मी मनात म्हटलं, मेल्या, माझ्या अंगणात आलास, आता माझ्या डोळ्यांसमोर जाऊ नकोस.

पनवेल बंदरावरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली, पोट दाबलं, आणि शकूला विचारलं ते तिने सगळं सांगितलं. किती गोळ्या, कधी, कशाबरोबर. अडखळली नाही. सुई टोचली, सलाईन लावलं. डॉक्टर मला म्हणाले, "आजी, आणखी एक गोळी पोटात गेली असती तर फार कठीण होतं. कुणी रोखली?"

मी सुनेकडे बोट दाखवलं. दुसरं काय करणार? खोटं बोलायची मला सवय नाही.

देवजी वाचला. दुधाभातावर आला, मग घरी आला. डॉक्टरांनी त्या गोळ्या त्याला कायमच्या बंद केल्या. तरी दोन दिवसांनी अंगणात बायका जमल्या, आणि कमळाबाईच्या पोटात राहिना.

"चंद्राबाय, सुनेनं सासूचा हात धरला गो. आता तुज्या हाताचा गुण गेला म्हणायचा."

तेवढ्यात चिंधी आली, काखेत तापलेलं पोर. "बाय, ह्याला अर्धी गोळी दे. मोडून दे."

मी डबा उघडला नाही. शकू आत चुलीशी होती. भाकरी थापताना थांबलेली, कान इकडे. मी हाक मारली तशी पिठाचे हात घेऊन दारात आली, आणि मान खाली घालून उभी राहिली. मी बोलणार हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"शकू," मी म्हटलं, मागच्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "तुज्यासारखी उद्धट सून मी बघितली नाय, आणि तुज्यासारखी शाणी पन नाय. हात माजा चांगलाच हाय, तो चांगलाच राहणार. पन आजपासून आधी तू विचारायचं, मग मी द्यायचं. तू नको म्हनलीस तर ह्या गावात कुनाला गोळी मिळणार नाय, मला सुदा नाय. आता ये फुडं, ह्या पोराच्या आईला काय विचारायचं ते विचार. आनि मोठ्यानं विचार, कमळाबाईला नीट ऐकू जात नाय."