ओलं आकाश

आमच्या सात जणांच्या प्रदर्शनात माझं एकच चित्र होतं, आणि तेही ओलं. तैलरंग वाळायला आठवडे लागतात हे ठाऊक असूनही परवा मी आकाशावर आणखी एक जाड निळा थर चढवलाच. खाज, दुसरं काय! चित्रात त्या आकाशाला जेवणाचं टेबल उलटं लटकलं होतं.

उद्घाटनाला पाच मिनिटं उरली असताना पाहिलं, तर आकाशात चार बोटं उमटलेली. ज्याने हात लावला त्याची बोटं निळी असणार, म्हणून मी स्वागताच्या नावाखाली येईल त्याचा हात हातात घेत सुटले. समीक्षकाचे हात स्वच्छ. शेजारच्या अमूर्त चित्रंवाल्याचे रंगलेले, पण लाल.

"राहू दे गं, बोटांमुळे जान आलीय," तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो सरबत आणायला पळाला.

तेवढ्यात कोपऱ्यात आईबाबा दिसले. "असली वेडीवाकडी चित्रं बघायला मी येणार नाही," असं बाबांनी सकाळीच बजावलं होतं.

"तासभर झाला येऊन," आई कुजबुजली. "हे हॉलवाल्याला गळ घालून आत शिरले. तुझ्या चित्रापुढून हलेचनात."

"आपल्याला काही कळत नाही बुवा यातलं," बाबा दुसरीकडे बघत म्हणाले.

त्यांचा उजवा हात खिशात होता. पांढऱ्या पँटच्या खिशाच्या कडेला निळा डाग पडला होता.

तो एकच हात मी तपासला नाही.